छत्तीस ग्रॅमचं छत

आचरा
१२ जानेवारी २०२५

रसिका बाय,

हे फोनवर सांगण्यासारखं नाही. खाडीवर रेंज नसते, आणि घरून सांगितलं तर तू तीनचे तेरा ऐकशील. म्हणून वहीचं पान फाडून सोबत पाठवते आहे. शाळेतल्या मराठीत लिहिते. सातवीनंतर पेन फारसं हातात आलं नाही, तेव्हा मधेच आपली भाषा आली तर समजून घे.

आमच्या अकरा जणींच्या गटाला मत्स्यखात्याच्या योजनेतून बांबूचा तराफा मिळाला, हे तुझ्या बाबांनी सांगितलं असेलच. मी चाळीस वर्षं ओहोटीला खडकांवरचे शिनाणे काढून विकते आहे, पण तेच हिरव्या कवचाचे शिंपले दोरीवर लावून वाढवायचे, ही गोष्ट मलाही नवीनच. ३० नोव्हेंबरला बोटाच्या पेराएवढी पिल्लं सुती जाळीत गुंडाळून दोऱ्यांना बांधली आणि दोऱ्या तराफ्याखाली सोडल्या. जाळी कुजून गेली, तोवर पिल्लांनी दोरी घट्ट धरली होती. तिथवर सगळं ठीक झालं.

दर पंधरा दिवसांनी मी तीस शिनाणे स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलते आणि सरासरी लिहिते. पहिल्या दिवशी दीड ग्रॅम, मग २.३, मग ३.२ आणि काल ४.८. सहा आठवड्यांत सव्वातीन ग्रॅम वाढ. प्रशिक्षणात सांगितलं होतं की मेच्या सुरुवातीला एकेक तीसच्या घरात जायला हवा. मी त्रैराशिक मांडलं. दोनदा मांडलं. तेरा-चौदाच्या वर उत्तर येत नाही.

काल तराफ्यावरून उतरताना रुक्मिणी वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली, "विमल, तू आमका घरातसून भायर काढलंस, आता हे चिंचोके घेवन आमी खंय जावचां?" कोणी हसलं नाही, हेच मला जास्त लागलं.

१५ फेब्रुवारीला खात्याचे साहेब पाहणीला येणार आहेत. वाढ दिसली नाही तर तराफा दुसऱ्या गावाच्या गटाला देतील. साठाव्या वर्षी मला पहिल्यांदा कोणी अध्यक्ष म्हटलं, ते पद गेलं तर मी मरणार नाही. पण ह्या बायका पुन्हा कशासाठीच बाहेर पडणार नाहीत.

तू आकडेशास्त्रात एवढी शिकते आहेस. पान बघ आणि खरं काय ते सांग. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

तुझी
विमल आते


पुणे
२० जानेवारी २०२५

प्रिय आते,

तुझं पान टेबलावर ठेवून दोन दिवस बसले होते. आधी उत्तर सांगते: वाढ थांबलेली नाही. तुझं त्रैराशिक बरोबर आहे, पण ते इथे लागू होत नाही.

तू किती ग्रॅम वाढले ते पाहिलंस. त्याऐवजी किती पट झाले ते बघ. दीडचे २.३, म्हणजे साधारण दीडपट. २.३ चे ३.२, दीडपटीच्या जरा खाली. ३.२ चे ४.८, पुन्हा दीडपट. शिनाणा लहान आहे तोवर त्याची दीडपटही लहानच दिसणार. दहा ग्रॅमचा झाला की तीच दीडपट पाच ग्रॅमची होते.

पण हे कायम चालत नाही. पाण्यातलं खाद्य, दोरीवरची जागा, त्या जिवाचा स्वतःचा आकार, ह्या सगळ्यांना मर्यादा असते. म्हणून वाढीची रेषा आधी जवळजवळ आडवी सरकते, मग झपाट्याने चढते आणि वर जाऊन पुन्हा आडवी होते. इंग्रजीतला एस धरून दोन्ही टोकांना ताणला तर दिसेल तशी. भाताचं रोप, कोंबडीचं पिल्लू, तापातले जंतू, सगळ्यांची वाढ थोड्याफार फरकाने अशीच होते. वरच्या आडव्या भागाला मी छत म्हणते. तुम्ही अजून पायथ्याशी आहात.

तुझे चार आकडे संगणकात घातले. त्याने छत बावन्न ग्रॅम काढलं. त्यावरून मेच्या सुरुवातीला अडतीस आणि मेअखेर पंचेचाळीस ग्रॅम येतात. आलेख काढून पाठवते आहे, बायकांना दाखव.

इथे सगळं छान चाललंय. काम छान आहे, मॅडम खूश आहेत. पीएच.डी.चं तिसरं प्रकरण दिलंय, तेही छान झालंय. बाबांना सांग, सगळं छान आहे.

रसिका


आचरा
२ फेब्रुवारी २०२५

रसिका बाय,

पटीची गोष्ट मला पटली आणि बायकांनाही पटली. २५ तारखेला ६.९ भरले, म्हणजे पुन्हा तेच. गटातल्या सारिकाने तुझा आलेख माडाच्या झावळीला टाचणीने लावला आणि सगळ्या भोवती बसल्या.

पण त्या पंचेचाळीस ग्रॅमला मी अडखळले. रुक्मिणी वहिनीनेच आधी विचारलं, "पंचेचाळीस ग्रॅमचो शिनाणो तुया कधी हातात धरलंस?" मी चाळीस वर्षांत धरलेला नाही. तिनेही नाही. मग संगणकाला तो कुठे मिळाला?

परवा अमावास्येची मोठी सुकती, तुमची ओहोटी, होती. खाडीच्या तोंडाशी जे खडक वर्षातून थोडेच दिवस उघडे पडतात, तिथे मी आणि सारिका होडीने गेलो. तिथले शिनाणे जुने. ते कोणी काढत नाही, कारण पाय घसरला की सरळ खोल पाण्यात. आम्ही गुडघ्यावर रांगत निवडून चाळीस आणले, अगदी म्हातारे, कवचावर दुसरे किडे घर करून बसलेले. घरी आणून सगळे खरवडून घासले आणि तोलले. सरासरी छत्तीस. सगळ्यांत मोठा एकोणचाळीसचा. पुढे ते वाढत नाहीत, नुसतं कवच जाड होत जातं, हे मला हाताला ठाऊक आहे. ते काट्यावर टाकून पाहायचं मात्र कधी सुचलं नव्हतं.

तेव्हा आमच्या खाडीचं छत छत्तीस आहे. ते धरून आलेख नव्याने काढ. साहेबांपुढे मी बावन्नचा कागद घेऊन उभी राहणार नाही.

आणखी एक. तू शेवटच्या चार ओळींत चार वेळा छान लिहिलंस. एकदाच लिहिलं असतंस तर मी विश्वास ठेवला असता.

आते


पुणे
७ फेब्रुवारी २०२५

आते,

छत्तीस धरून गणित केलं. पाचही आकडे रेषेवर येऊन बसले, एकही बाजूला पडला नाही. मी खुर्चीतून उठून खोलीत चालत राहिले.

नवा आलेख सोबत आहे. ८ फेब्रुवारीला ९.६ यायला हवेत, ८ मार्चला साडेसोळा, ५ एप्रिलला चोवीस आणि ३ मेला साडेएकोणतीस. वेग सर्वांत जास्त असेल छताच्या निम्म्यावर, म्हणजे अठरा ग्रॅमला, मार्चच्या मध्याला. त्यानंतर वजन वाढत राहील, पण प्रत्येक पंधरवड्याची भर आधीपेक्षा कमी असेल.

आता खरं लिहिते. पहिले चार-पाच आकडे पायथ्याचे असतात. त्यांवरून छत कळत नाही, वीस असो की साठ, पायथा जवळजवळ सारखाच दिसतो. हे मला माहीत होतं. तरीही संगणकाने बावन्न म्हटल्यावर मी ते तुला लिहून टाकलं.

माझ्या प्रकरणातही हेच झालं. तलावातल्या माशांच्या वाढीवर होतं ते. मॅडमनी डिसेंबरात परत केलं. त्यांनी एवढंच विचारलं, "ही कमाल मर्यादा कुठून आणलीस?" मला उत्तर देता आलं नाही. मी ते मासे कधी पाहिलेलेच नाहीत, फक्त जुन्या अहवालांतले आकडे. तेव्हापासून विभागात गेलेले नाही. एका कंपनीत नोकरीचं बोलणं झालंय, १ मार्चपासून यायला सांगतायत. बाबांना यातलं काही माहीत नाही.

तू खडकावर रांगत गेलीस आणि मी इथे खुर्चीत बसून बावन्न लिहीत होते. मला लाज वाटली.

रसिका


आचरा
१७ फेब्रुवारी २०२५

रसिका बाय,

आधी साहेबांचं सांगते, मग तुझं.

साहेब १५ला आले. वही बघितली. ८ तारखेला ९.५ भरले होते, तू ९.६ लिहिलं होतंस. साहेब म्हणाले, "बाई, निम्मा हंगाम सरत आला आणि वजन तिसऱ्या हिश्शालाही पोचलेलं नाही. मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

मी आलेख समाजमंदिराच्या भिंतीला लावला. काठी घेतली आणि काठीने दाखवलं. ही पायथ्याची वाट, हा चढ, हे वरचं सपाट. आम्ही आता चढाला लागलो आहोत. साहेबांनी विचारलं, हे छत्तीस कुठल्या पुस्तकातलं? मी म्हटलं, पुस्तकातलं नाही, आमच्या खडकावरचं आहे, चाळीस शिनाणे तोलून काढलंय. त्यांनी आलेखाकडे पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "रेषा कोणीही काढेल."

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. "५ एप्रिलला तुमचाच काटा घेऊन या. चोवीस ग्रॅम भरतील. बावीसच्या खाली भरले तर तराफा आम्हीच सोडून तुमच्या ताब्यात देऊ."

"आणि चोवीस भरले तर?"

"तर पुढच्या हंगामाला दोन तराफे द्या."

खोलीत सगळ्या बायका होत्या. मी कोणाला विचारलंही नव्हतं. साहेबांनी कागदावर लिहून घेतलं आणि म्हणाले, गटाची संमती लागेल. मी मागे वळून बघायला घाबरले. तर रुक्मिणी वहिनी उठली, पदराला हात पुसले आणि पहिली सही तिने केली. जागेवर जाता जाता मला म्हणाली, "आकडो बरोबर आसा मां?" मी म्हटलं, आसा. मग बाकीच्या नऊ जणींनी केल्या.

आता तुझं. मॅडमनी तुला काढून टाकलं नाही, प्रश्न विचारला. त्याचं उत्तर तुझ्याकडे तेव्हा नव्हतं, आता आहे. माझी सगळी वही घे आणि त्यांच्याकडे जा. नोकरी करायची तर खुशाल कर, पण तोंड लपवून करू नकोस. आणि दादाला तू सांग. मी सांगणार नाही.

आते


पुणे
२८ फेब्रुवारी २०२५

आते,

मॅडमकडे गेले. तुझं पहिलं पान, माझा बावन्नचा आलेख आणि तुझं छत्तीसचं पत्र, तिन्ही समोर ठेवलं. त्यांनी तुझं पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "हे प्रकरण लिही. मेअखेर विभागासमोर मांडायचं. आणि मला सरासरी नको, प्रत्येक शिनाण्याचं वजन हवं."

म्हणून विनंती: तिसांतल्या प्रत्येकाचं वजन वेगळं लिहून ठेव. आधीचं असेल तर तेही पाठव.

कंपनीला येत नाही म्हणून कळवलं. बाबांना फोन केला. ते म्हणाले, विमल सांगते तसं कर.

पण तू साहेबांना आकडा द्यायला नको होतास, आते. माझी रेषा तुमच्या पाण्यात काय घडेल ते सगळं जाणत नाही. खेकडे आले, दोऱ्या तुटल्या, काहीही होऊ शकतं. ८ मार्चचं वजन झाल्याबरोबर कळव.

रसिका


आचरा
७ एप्रिल २०२५

रसिका बाय,

महिनाभर पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. दादाकडून तीन निरोप आले. मुद्दाम लिहिलं नाही, कारण ८ मार्चला साडेसोळाऐवजी १५.१ भरले.

तुला कळवलं असतं तर तू रेषा खाली ओढली असतीस. मला रेषा खाली नको होती, शिनाणे वर हवे होते. म्हणून आधी पाण्यात उतरले. दोऱ्या वर ओढून बघितल्या तर शेवाळ आणि बारीक शिंपांनी माखलेल्या, आणि मधल्या दोऱ्यांवर शिनाणे इतके दाटीने की आतल्यांना तोंड उघडायला जागा नव्हती. कडेच्या दोऱ्यांवरचे मात्र रेषेवर होते, सतरा, साडेसोळा. म्हणजे छत तेच होतं, मधल्यांना आम्हीच खाली दाबून ठेवलं होतं.

चार दिवस अकरा जणी कमरेएवढ्या पाण्यात. प्रत्येक दोरी खरवडली, दाटी झालेले शिनाणे सोडवून नव्या दोऱ्यांवर बांधले. विमल म्हणते म्हणून कोणी केलं नाही. प्रत्येकीने स्वतः काट्यावर कडेचा आणि मधला शिनाणा ठेवून फरक बघितला होता. २२ मार्चला २०.० भरले.

५ तारखेला साहेब त्यांचा काटा घेऊन आले. शिनाणे कोणत्या दोऱ्यांवरचे घ्यायचे ते त्यांनीच बोट दाखवून सांगितलं, कडेच्या दोन आणि मधल्या चार. तीस शिनाणे. एकेक ठेवायचे, आकडा मोठ्याने वाचायचे, आणि सारिका वहीत लिहायची. गावातले पुरुषसुद्धा धक्क्यावर येऊन उभे होते. साहेबांनी मोबाईलवर बेरीज केली, भागाकार केला, आणि पुन्हा एकदा केला. मग मोबाईल आमच्याकडे वळवला.

२४.३.

रुक्मिणी वहिनी धक्क्यावर खाली बसली आणि रडायला लागली. मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं, तिचा घरवाला गेला तेव्हासुद्धा नाही. साहेबांनी मला नमस्कार केला. म्हणाले, "दोन तराफे. मी शब्द दिलाय." मग तुझ्या आलेखाचा फोटो काढून नेला.

प्रत्येक शिनाण्याचं वजन सोबत आहे, पहिल्या दिवसापासूनचं. २.३ च्या दिवशीचं पान पाण्यात पडलं होतं, तेवढं पुसट आहे.

आते


पुणे
१६ एप्रिल २०२५

आते,

तुझं पत्र मी विभागाच्या जिन्यात उभी राहून वाचलं आणि तसंच मॅडमकडे घेऊन गेले.

कडेच्या आणि मधल्या दोऱ्यांचा फरक हा माझ्या प्रकरणाचा गाभा झालाय. मॅडम म्हणाल्या, दाटीमुळे वाढ कशी दबते आणि दाटी काढली की ती पुन्हा रेषेवर कशी येते, हे इतकं स्वच्छ त्यांनीही क्वचित पाहिलंय. तू मला कळवलं नाहीस ते बरं केलंस. मी खरंच रेषा खाली ओढली असती.

आता पुढचं. तुम्ही वरच्या वळणावर आला आहात. पुढच्या चार पंधरवड्यांची भर साधारण तीन, अडीच, दोन आणि दीड ग्रॅम अशी राहील. मेअखेरपर्यंत थांबून फार काही हाती लागणार नाही. पण कधी काढायचं ते तुम्ही ठरवा. पाणी तुमचं आहे.

रसिका


आचरा
१२ मे २०२५

रसिका बाय,

३ मेला २९.४ भरले. त्याच दिवशी बैठक घेतली. आता सगळ्यांना वाढ इतकी आवडू लागली होती की अर्ध्या जणी म्हणत होत्या, महिनाभर थांबूया, आणखी मोठे होतील. मी आलेख उघडण्याआधीच रुक्मिणी वहिनी उठली. तिने बोटाने ती वरची सपाट रेषा दाखवली आणि म्हणाली, "हय पोचल्यार थांबान काय मिळता? तीन-साडेतीन ग्रॅम. आणि पावसाचां गोडा पाणी खाडीत इला तर सगळे मरतले. काढूया." ह्या बाईने जानेवारीत ह्याच शिनाण्यांना चिंचोके म्हटलं होतं.

चार दिवस काढणी चालली. दोऱ्या इतक्या जड झाल्या होत्या की एका दोरीला तिघी लागत होत्या. होडी काठ पाण्याला टेकेपर्यंत भरायची, धक्क्यावर रिकामी करायची, पुन्हा जायची. एकूण बाराशे किलो भरले. मालवणच्या आणि गोव्याच्या हॉटेलांनी जागेवरून उचलले. शेवटच्या होडीत आम्ही अकराही जणी चढलो. होडी बुडेल म्हणून होडीवाला बाबली ओरडत होता, पण कोणी उतरलं नाही.

वालावलच्या बायकांनी बोलावलंय. त्यांच्या खाडीत कालवं लावायची आहेत. मी त्यांना निरोप दिला: आधी तुमच्या खाडीतली सगळ्यांत जुनी कालवं शोधा आणि तोला, मग मी येते.

आते


पुणे
३० मे २०२५

आते,

बाबांनी सांगितलं की तिकडे वीस तारखेपासूनच पाऊस कोसळतोय आणि खाडी मातीने लाल झालीय. तुमचा तराफा त्याआधीच किनाऱ्यावर आणून ठेवला होता, हेही कळलं. 

परवा विभागासमोर मांडलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोच प्रश्न विचारला, छत्तीस कुठून आणलंत? मी सांगितलं: माझ्या आत्याने अमावास्येच्या ओहोटीला खडकांवर जाऊन चाळीस जुने शिनाणे काढले आणि घरच्या काट्यावर तोलले.  परीक्षकांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, पुढे बोला. मी पुढे तासभर बोलले. शेवटी सगळे उभे राहिले.

प्रकरण मंजूर झालं. त्यावरचा निबंध नियतकालिकात द्यायचा आहे. मॅडम म्हणाल्या, लेखकांत दोन नावं हवीत, तुझं आणि तुझ्या आत्याचं, आणि आत्याचं आधी.

तुझं नाव कसं छापायचं ते कळव.

रसिका


आचरा
५ जून २०२५

रसिका बाय,

तुझं पत्र पडवीत बसून सगळ्यांना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं.

नाव विमला लिही. विमल नको, शाळेच्या दाखल्यावर विमला आहे. आणि एकटीचं लिहू नकोस. पाण्यात अकरा जणी उतरल्या होत्या. लेखकांत अकरा नावं बसत नसतील तर तळटीपेत घाल, पण घाल. कोणाचं नाव चुकायला नको म्हणून प्रत्येकीने आपलं नाव आपल्या हाताने लिहून दिलंय. कागद सोबत आहे. ज्याचं पहिलं अक्षर जरा वाकडं आलंय ते नाव रुक्मिणी वहिनीचं. तिने सहीशिवाय आजवर काही लिहिलेलं नव्हतं, आणि हे पूर्ण नाव लिहायला तिने अर्धा तास घेतला. नीट वाचून छाप.

आते